ताटातले तूप आणि आतड्यातले दप्तर

वाचकहो, या सदरात मी सहसा रोग्यांच्या गोष्टी सांगत नाही. आज एक सांगणार आहे, कारण तिच्यात माझीही एक चूक आहे. शिवाय ज्या प्रश्नाचे उत्तर आज द्यायचे आहे, तो प्रश्नही तिच्यातूनच आलेला आहे.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही म्हणे. वय बासष्ट, अंगकाठी सडसडीत, कसलेही व्यसन नाही. बाजाराचा दिवस होता आणि बाहेर बाकावर बसायला जागा उरली नव्हती. गुरुजी खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, परसाकडे रक्त पडतं. मूळव्याधच असणार." मीही मान डोलावली. मलम आणि इसबगोल लिहून दिले, तिखट कमी करा म्हणालो. उठता उठता त्यांनी विचारले, "रोज सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात दोन चमचे तूप घेतो. आतड्याला चांगलं म्हणतात. चालेल ना?" मी हसून म्हणालो, "घ्या की."

चार महिन्यांनी गुरुजी पुन्हा आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता आणि धोतर कमरेवर ठरत नव्हते. हिमोग्लोबिन सातवर आले होते. या वेळी मी त्यांना टेबलावर झोपवून बोटाने तपासले. गुदाशयातली गाठ लगेच हाताला लागली. ती पहिल्या दिवशीही लागली असती. दोन मिनिटांचे काम होते, ते मी केले नव्हते. पुढे मोठ्या शहरात दुर्बिणीची तपासणी झाली आणि कर्करोगाचे निदान पक्के झाले.

शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मुलगा मला भेटायला आला. म्हणाला, "डॉक्टर, माझ्या आजीलाही पोटाचाच काहीतरी आजार होता म्हणतात. म्हणजे हे आमच्या जीन्समध्येच आहे. मग मी काय खातो याला काही अर्थ आहे का? आणि ते तूप, त्यानं बाबांचं भलं झालं की वाईट?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर वाचत गेलो. आजचा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे. ते त्याच्या परवानगीनेच छापतो आहे.

एकच दप्तर, अनेक रुमाल

आधी 'जीन्स' म्हणजे जनुके, हा शब्द समजून घेऊ. तहसील कचेरीतली जुनी रेकॉर्डची खोली आठवा. लाल कापडाच्या रुमालांत बांधलेली कागदपत्रे फळ्यांवर रचलेली असतात. सगळे रुमाल एकाच दिवशी कोणी सोडत नाही. ज्या कामाचा हुकूम येतो तेवढाच रुमाल सुटतो, कागदाची नक्कल निघते आणि काम होते.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असे एक पूर्ण दप्तर असते. प्रथिने कशी बनवायची हे सांगणारी सुमारे वीस हजार जनुके त्यात आहेत. डोळ्याच्या पेशीत आणि आतड्याच्या पेशीत दप्तर तेच असते, पण डोळ्याची पेशी आपले रुमाल सोडते आणि आतड्याची पेशी आपले. एखादे जनुक 'चालू झाले' म्हणजे त्याचा रुमाल सुटून त्याची नक्कल निघू लागली, एवढाच अर्थ.

दप्तर आपल्याला आईवडिलांकडून मिळते, ते बदलता येत नाही. पण आज कोणता रुमाल सुटावा याचे हुकूम रोज बाहेरून येत असतात. त्यातले काही हुकूम आपल्या ताटातून निघतात, आणि त्यांतही तेल-तूप-चरबी यांचा वाटा मोठा आहे.

फोडणीच्या तेलाचा प्रवास

आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो ते असे. तेल किंवा तूप जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीला आले की पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्तरस ओततो. त्याने चरबीचे बारीक थेंब होतात. स्वादुपिंडाचा रस त्या थेंबांतील चरबीचे तुकडे करतो. या तुकड्यांना मेदाम्ले म्हणतात. ती आतड्याच्या अस्तरात शोषली जातात, तिथे त्यांची पुन्हा जुळणी होते आणि लसिकावाहिन्यांतून ती रक्तात जातात. एका ग्रॅमला नऊ कॅलरी. धडा संपला. चरबी म्हणजे इंधन, असेच आमच्या डोक्यात बसले.

१९९० साली ब्रिटनमधील इसेमन आणि ग्रीन या शास्त्रज्ञांना उंदराच्या यकृतात एक प्रथिन सापडले. त्याचे नाव लांबलचक आहे. जगभर त्याला पीपीएआर या अक्षरांनीच ओळखतात. पेशीच्या केंद्रकात, थेट दप्तराजवळ बसणारा हा कारकून आहे. हा हुकूम कोणाचा ऐकतो, याचा शोध पुढची काही वर्षे चालला. त्याच्या खाचेत नेमके बसणाऱ्या पदार्थांत आपली रोजचीच मेदाम्ले निघाली. म्हणजे अस्तरात शिरलेली सगळी मेदाम्ले रक्ताच्या वाटेला लागत नाहीत. त्यांतली थोडी केंद्रकात जातात आणि या कारकुनाला सांगतात, "चरबी आली आहे, रुमाल सोडा."

मग चरबी वाहून नेणारी आणि चरबी जाळणारी प्रथिने बनवण्याची जनुके चालू होतात. या कारकुनाचे तीन भाऊ आहेत. त्यांतले अल्फा आणि डेल्टा हे दोघे आतड्यात चांगलेच कामसू आहेत. जेवणात चरबी वाढली की अस्तर चरबी हाताळण्यात तरबेज होते. यात वाईट काही नाही. लग्नसराईतल्या चार दिवसांच्या पंगती आपण निभावून नेतो, त्यामागे अशीच सोय असते. प्रश्न येतो तो हुकूम महिनोन्‌महिने थांबतच नाही तेव्हा.

अस्तराची रोपवाटिका

आतड्याचे अस्तर आपल्या शरीरातले सर्वांत घाईचे खाते आहे. तीन ते पाच दिवसांत ते जवळपास सगळे नवे होते. ही नवी पेशी येते कुठून? अस्तरात सूक्ष्म खड्डे असतात आणि त्यांच्या तळाशी मूळ पेशी असतात. त्या सतत विभागत राहतात. त्यांची पिल्ले हळूहळू वर सरकतात, काही दिवस काम करतात आणि गळून जातात. खड्डा ही रोपवाटिका समजा. रोप वाटिकेतून शेतात गेले की त्याने पीक द्यायचे, पुन्हा वाटिकेत यायचे नाही, असा नियम. २००७ साली नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने या मूळ पेशी ओळखण्याची खूण शोधली आणि त्यांचा अभ्यास सोपा झाला.

त्या आधारावर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ओमर यिल्माझ यांच्या गटाने एक प्रयोग केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. उंदरांना नऊ ते चौदा महिने असा आहार दिला की त्यातल्या साठ टक्के कॅलरी चरबीतून येत होत्या. या उंदरांच्या आतड्यात मूळ पेशी वाढल्या. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, वाटिकेतून बाहेर पडलेली पिल्लेही मूळ पेशींसारखी वागू लागली. यामागे मुख्यतः पीपीएआर-डेल्टा हाच कारकून होता. साध्या आहारावरच्या उंदरांना फक्त या कारकुनाला जागे करणारे औषध दिले, तरी बराचसा तोच परिणाम दिसला. अशा पेशींमध्ये गाठ रोखणारे एक जनुक निकामी केले, तेव्हा त्यांच्यापासून गाठी वाढल्या.

कारण समजायला अवघड नाही. पेशी विभागते तेव्हा सगळ्या दप्तराची नक्कल करावी लागते, आणि नक्कल करताना चुका होतात. चूक झालेली पेशी चार दिवसांत गळून गेली तर बिघडले काय? पण तीच पेशी वर्षानुवर्षे विभागत राहणाऱ्यांत जाऊन बसली तर चूकही साठत जाते.

हे उंदीर होते हे मात्र विसरू नका. साठ टक्के चरबी, तीही मुख्यतः डुकराची, असे आपले जेवण नसते. या प्रयोगावरून वरणभातावरच्या चमचाभर तुपाला गुन्हेगार ठरवणे चुकीचे होईल. प्रयोगातून शिकायचे ते एवढेच की चरबी हा नुसता कोळसा नाही. पेशींनी कसे वागावे यात तिचाही शब्द चालतो.

नाव लोण्याचे, काम भाकरीचे

आता तुपाकडे येऊ. लोणी-तुपात एक छोटे मेदाम्ल असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते लोण्यातून वेगळे केले. लॅटिनमध्ये लोण्याला ब्युटिरम म्हणतात, म्हणून याचे नाव पडले ब्युटिरिक आम्ल. पेशींतल्या त्याच्या रूपाला ब्युटिरेट म्हणतात.

मोठ्या आतड्याच्या अस्तराचे हे आवडते अन्न आहे. तिथल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा ब्युटिरेट जाळूनच मिळवतात, हे १९८० पासून माहीत आहे. त्याहीआधी, १९७७ साली, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर त्याचा वेगळाच गुण दिसला होता. जनुकांचा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांवर काही रासायनिक खुणा असल्या की गुंडाळी सैल राहते आणि जनुक वाचता येते. खुणा पुसल्या की ती घट्ट होते. खुणा पुसणाऱ्या एन्झाइमांचा हात ब्युटिरेट धरून ठेवते. म्हणजे ते रुमालाच्या गाठी सैल करते. त्यामुळे पेशीची वाढ आवरणारी काही जनुके चालू होतात. कर्करोगाच्या पेशींना काचेच्या बशीत ब्युटिरेट दिले तर त्यांची वाढ मंदावते, काही मरतात.

हे वाचून कोणीही म्हणेल, "मग तूप आतड्याला औषधच झाले की!" गुरुजींनाही कोणी तरी असेच सांगितले असणार. इथेच खरी मेख आहे. तुपात ब्युटिरिक आम्ल तीन-चार टक्के असते. दोन छोटे चमचे, म्हणजे दहा ग्रॅम तुपात ते अर्धा ग्रॅमही भरत नाही. जे असते ते इतके छोटे मेदाम्ल आहे की जठरात आणि लहान आतड्यातच सुटे होऊन शोषले जाते आणि यकृताकडे जाते. मोठ्या आतड्यापर्यंत ते पोचतच नाही.

मग मोठ्या आतड्याला ब्युटिरेट मिळते कुठून? ते तिथेच तयार होते. भाकरी, उसळ, पालेभाजी यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट बनवतात. तुपातल्यापेक्षा कितीतरी पट अधिक. नाव लोण्याचे असले तरी काम भाकरीचे आहे.

जास्त चरबीचे दुसरेही एक अंग इथे येते. चरबी जास्त म्हणजे पित्त जास्त. पित्तातली काही आम्ले मोठ्या आतड्यात उतरतात आणि जंतू त्यांचे रूपांतर अस्तराला चुरचुरणाऱ्या पदार्थांत करतात. म्हणजे एकाच आतड्यात ब्युटिरेट अस्तराला सांभाळते आणि बदललेली पित्ताम्ले त्याला डिवचतात. कोणाचे पारडे जड राहील, ते ताटावर ठरते.

अदलाबदलीचे दोन आठवडे

हे माणसांतही दिसते का? युगांडात काम केलेले आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये लक्ष वेधले होते की ग्रामीण आफ्रिकेत मोठ्या आतड्याचा कर्करोग फार क्वचित दिसतो, आणि त्याचा संबंध त्यांनी चोथ्याशी जोडला. २०१५ साली स्टीफन ओ'कीफ आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील पिट्सबर्गचे वीस कृष्णवर्णीय नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेतील वीस ग्रामीण रहिवासी घेतले. दोन आठवडे त्यांच्या ताटांची अदलाबदल केली. अमेरिकनांना आफ्रिकी पद्धतीचे भरपूर चोथ्याचे, कमी चरबीचे जेवण. आफ्रिकनांना अमेरिकी पद्धतीचे चरबीयुक्त, मांसयुक्त, कमी चोथ्याचे जेवण. आधी आणि नंतर दुर्बिणीने अस्तराचे तुकडे काढून तपासले.

अवघ्या दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढले, चुरचुरणारी पित्ताम्ले घटली, अस्तराची सूज आणि पेशींची घाईची वाढ कमी झाली. आफ्रिकनांमध्ये बरोबर उलटे घडले. यात चरबी, चोथा आणि मांस तिन्ही एकदम बदलले, त्यामुळे श्रेय एकट्या चरबीला देता येत नाही. पंधरा दिवसांत कोणाला कर्करोग होत नाही किंवा टळतही नाही. पण दप्तर तेच असताना, फक्त ताट बदलल्याने अस्तराचे वागणे बदलले, एवढे नक्की.

गुरुजींच्या मुलाला उत्तर

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर: होय, अर्थ आहे. मोठ्या आतड्याच्या शंभर कर्करोगांपैकी साधारण पाच ठळक अनुवंशिक दोषामुळे होतात. अशा घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या, तरुण वयात रुग्ण सापडतात आणि तिथे जेवणावर विसंबून चालत नाही; तज्ज्ञांचा सल्ला आणि नियमित तपासणी लागते. बाकीच्यांच्या बाबतीत दप्तर, ताट, तंबाखू, दारू, बैठे काम आणि वाढते वय यांचा एकत्र हिशेब होतो.

मात्र वडील, आई किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला असेल, तर जेवण कितीही चांगले असले तरी कोलोनोस्कोपी टाळू नका. ती चाळिसाव्या वर्षी करावी, किंवा नातेवाइकाला निदान झाले त्या वयाच्या दहा वर्षे आधी. यातले जे लवकर येईल ते. गुरुजींचा मुलगा एक्केचाळीस वर्षांचा होता. त्याने तपासणी करून घेतली. एक लहानसा कोंब सापडला, तो तिथेच काढून टाकला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: त्या दोन चमचे तुपाने गुरुजींचा आजार झाला नाही आणि बराही होणार नव्हता. नुकसान केले ते चार महिन्यांच्या उशिराने. तुपावर त्यांनी विश्वास ठेवला आणि मूळव्याधीवर मी.

घरी काय करावे?

१) तेलाचा हिशेब चमच्यावर नाही, महिन्यावर करा. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज सुमारे तीस ग्रॅम झाले. दूध, शेंगदाणे, फरसाण, तूप यांतली चरबी त्याहून निराळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सल्ल्याप्रमाणे एकूण चरबीतून तीस टक्क्यांपेक्षा अधिक कॅलरी येऊ नयेत, आणि तूप, लोणी, पाम तेल यांतल्या संपृक्त चरबीतून दहा टक्क्यांपेक्षा अधिक नकोत. दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाला एकूण चरबी सुमारे ६७ ग्रॅम, त्यात संपृक्त सुमारे २२ ग्रॅम.

२) तूप खावे, चवीपुरते. छोट्या चमचाभर तुपात तीन ग्रॅम संपृक्त चरबी असते, हे ध्यानात ठेवून. औषध म्हणून वाढवू नये.

३) प्रौढाला रोज किमान २५ ग्रॅम चोथा हवा. ज्वारी, बाजरी, नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात तो दहा-अकरा ग्रॅम असतो, पांढऱ्या तांदळात तीनच्या आत, अख्ख्या हरभऱ्यात २५ च्या आसपास. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, एक पालेभाजी आणि एक फळ घेतले की हिशेब जवळपास पूर्ण होतो.

४) चोथा हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या. एकदम वाढवला तर पोट फुगते. ज्यांच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा आतडे अरुंद झाले आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

५) शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारण नसता उतरणारे वजन, वाढत्या वयात अचानक दिसलेला रक्तक्षय, यांतले काहीही असेल तर मूळव्याध समजून घरी थांबू नका. डॉक्टरांना सांगा, "मला तपासा." ते घाईत असले तरी सांगा.

गुरुजी शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे होते. शेवटच्या वर्षीही ते मला भेटायला यायचे, आणि मी माफी मागू लागलो की विषय बदलून पीकपाण्याच्या गप्पा काढायचे. आता बाजाराच्या दिवशी बाक कितीही भरलेला असो, "रक्त पडतं" असे सांगणाऱ्या माणसाला टेबलावर घेऊन तपासल्याशिवाय मी दवाखान्याबाहेर जाऊ देत नाही.

(पुढील आठवड्यात : मूळव्याध, फिशर आणि भगंदर यांतला फरक)